अकरा पंधराचा नंबर

पूर्वी डंक्याच्या दारामागं
मी खडूनं नंबर लिहायचो.
चौगुलीण, चार किलो. मागनं सुतारीण, अडीच.
दुपारी कुणाची तरी पाठ टेकायची फळीला
आणि निम्मी यादी
लुगड्यावरनं घरी जायची.

सुनेनं एका रविवारी सगळं मोबाइलात घातलं.
आत्ती, आता रांग नाही,
ज्यानं त्यानं घरात बसून वेळ धरायची.
आणि खरंच की,
मेथीच्या जुडीसाठी अर्धा तास भांडणाऱ्या
शिवाजी पेठेतल्या बायका
पंधरा-पंधरा मिनिटांत गुमान बसल्या.

माझ्या कामांचं ॲप वेगळं.
पहाटे सहाला उशाशी थरथरतं:
शालन, आज तुमची नऊ कामं.
नुसतं शालन म्हणणारं
आता या गल्लीत कोण राहिलंय?
पहिले चार दिवस मी लाजतच उठलो.
हो, उठलो. आमच्यात बाईसुद्धा उठतो, बसतो, येतो.
ॲपला त्याचं काही नाही.

अंगठा लावला की म्हणतं, ओळख पटली नाही.
कशी पटंल?
तीस उन्हाळे ब्याडगी चाळून
बोटांवरच्या रेघा कधीच चटणीत गेल्या.
पुसायचा, परत लावायचा,
शेवटी चार आकडे. नातवाची जन्मतारीख.

एक कबूल करतो.
काम मी आधी करतो आणि मग यादीत लिहितो,
नुसती खूण ओढायला मिळावी म्हणून.
मुसळांना तेल. खूण.
हिंगाचे खडे फोडले. खूण.
चहा प्यालो. खूण.
संध्याकाळी ते म्हणतं, शाब्बास.
आमच्या ह्यांना चाळीस वर्षांत जे सुचलं नाही
ते यंत्राला सुचलं, म्हणून
दिवा लावता लावता हसू येतं.

फक्त एक ओळ रोज उद्यावर सरकते.
सुमीला फोन.
संकेश्वर. धाकटी बहीण.
नातवाच्या जावळाला, भर पंगतीत, ती म्हणाली,
अक्का, पांढरा रस्सा पातळ झालाय.
झालाच होता. माणसं वाढली, मी पाणी वाढवलं.
पण ते तिनं म्हणायचं?
त्याला आता तीन वर्षं.

ॲप म्हणतं,
हे काम तुम्ही एकेचाळीस दिवस पुढं ढकललंय.
काढून टाकू?
मी नको दाबतो.
बोट जरा जोरातच लागतं.

काल रात्री आजचे नंबर बघत होतो.
साडेदहा, मुजावर भाभी, दोन किलो, लसूण वेगळा.
अकरा, बागलांची सून, कमी तिखट,
कसली म्हणायची ही कोल्हापूरची.
अकरा पंधरा, सुमन नेर्लेकर, संकेश्वर, पाच किलो.
खाली शेरा: मिरची घरची आहे, भाजून आणते.

संकेश्वरात काय डंके नाहीत होय?
सुनेला विचारलं, चुकून पडलं असंल का हे?
आत्ती, चुकून कुणी पाच किलो टाकत नाही.

आता अकरा वाजून पाच.
बागलांची मिरची धाडधाड कुटली जातीय,
दारातली कुत्री पण शिंकतायत.
माझ्या डोळ्यांत पाणी आहे,
पण ते इथं रोजच असतं,
त्यावरनं कुणी काही धरू नये.

पुढचे दोन नंबर मी दुपारवर ढकलले.
यादीत नवं काम घातलं: रस्सा, दाट.
किती वाजता, म्हणून विचारलं त्यानं.
जागा रिकामीच ठेवली.

फोन तर मी केलाच नाही.
मग सुमीच्या ओळीवर खूण करायची
का तशीच राहू द्यायची?
सूनही सांगंना.

बाहेर रिक्षा थांबली.
अजून आठ मिनिटं आहेत.
ती लहानपणापासनं अशीच,
वेळेच्या आधी येणारी.