नसलेलं पान

मोन्तेविदेओतला जुलै. हाडं गोठतात.
शुक्रवारी गेदाल्या लवकर शटर ओढतो,
बटणांचे डबे चाचपतो
आणि बहिणीला म्हणतो, "वाच ती, गाडीवानाची."

बर्फात वाट चुकलेला गाडीवान.
दिवस बुडाला, शब्बाथ लागला,
तसा त्यानं रानातच घोडा सोडला,
पावाचे दोन तुकडे केले, मोठा घोड्याला,
आणि बसला. लांडग्यांचे डोळे...

इथं पुस्तक संपतं. पुढचं पान
आईकडून बोटीवर हरवलं, की कुणी
तंबाखू वळायला नेलं, कोण जाणे.

"थापा," गेदाल्या म्हणतो.
थोरल्याची पत्रं थांबली त्या वर्षापासून
त्यानं सिनेगॉगची पायरी चढलेली नाही.
फ्रुमा चश्मा पुसते, शेवट जुळवते:
कधी लांब एक दिवा, कधी नुसतीच पहाट.
एकदा तिनं घोड्याला बोलतं केलं,
तेव्हा तो चिडला,
"घोडा कशाला बोलेल?
बसला असेल शेजारी, ऊब देत.
तेवढं पुरे की."

आज फ्रुमाचा घसा बसलाय.
मेणबत्त्यांना वीस मिनिटं आहेत.
तोच पुस्तक उघडतो, अडखळत
लांडग्यांपर्यंत येतो,
अंगठा जिभेला लावतो
आणि नसलेलं पान
हलकेच उलटतो.
ती शेजारी बसून असते.