टेस्ट डेस्क

सोमवारी एकेचाळीस. मंगळवारी अडतीस.
गुरुवारी दुपारभर लाइट नव्हते, तरी तेवीस.
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकोन येतो,
‘घुसखोरीचा प्रयत्न रोखला’ म्हणतो
आणि मी काही विचारायच्या आत
आपण होऊन मिटतो.

मी वहीत लिहून ठेवते.
तारीख, वेळ, पत्ता, पोर्ट म्हणजे दाराचा नंबर.
बाजीराव रोडच्या एक्स्चेंजात तीस वर्षं
ट्रंक कॉलची तिकिटं भरली,
हात अजून रकाने पाडल्याशिवाय राहत नाही.

माझ्याकडे आहे काय यांना न्यायला?
पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला,
सोसायटीच्या टँकरचा हिशोब,
लिंबाच्या गोड लोणच्याचं प्रमाण,
भाचीच्या बारशाचे फोटो, निम्मे आडवे.
तरी रात्री दोन सतराला उठून मी
स्वयंपाकघराची कडी पुन्हा बघते,
जसं काही तेवीस नंबरच्या दारानं आलेला चोर
थेट शेगडीपाशीच निघणार.

वरच्या मजल्यावरचा ओजस ढमढेरे
वही चाळतो, हसू दाबतो.
‘काकू, तुमच्यावर कुणाचा डोळा नाही.
यंत्रं आहेत ती. जगातला एकेक पत्ता ओळीनं घेतात,
कडी हलवून बघतात, पुढे जातात.
तुम्ही वाटेत लागता, एवढंच.’

सुटल्यासारखं वाटलं.
आणि खोटं कशाला बोलू, थोडं लागलंही.
दिवसात एकेचाळीस जण दारी यावेत
आणि एकालाही आपलं नाव माहीत नसावं.

मग चहा गाळता गाळता आठवलं,
मीही हेच केलंय.
रात्रपाळीला मी आणि कुमुद फरांदे,
कानाला हेडसेट, पुढ्यात टेस्ट डेस्क,
चव्वेचाळीसनं सुरू होणारे सगळे नंबर ओळीनं,
प्रत्येक लाइनीला एक टिचकी:
जिवंत. जिवंत. मेलेली. जिवंत.
गुलटेकडीला, रास्ता पेठेत, पर्वतीच्या पायथ्याशी
काळ्या फोनातली घंटा अर्धी टिंग करून थांबायची,
कूस बदलणाऱ्याला वाटायचं, भास झाला.
आम्हाला कुणाचं नाव दिसायचं नाही.
आम्ही बिघाड शोधायचो.
हेही बिघाडच शोधतात.
आमच्या मागून सकाळी लाइनमन जायचा, शिडी घेऊन.
यांच्या मागून कोण येतं
ते ओजसनं सांगितलं,
मी लिहून घेतलं नाही.

शनिवारी त्यानं राउटर आणून बसवला.
‘वायर थेट कॉम्प्युटरात खुपसली होतीत, काकू.
उंबरठाच नव्हता घराला.’
चार हिरवे दिवे लुकलुकले.
रविवारी शून्य. सोमवारी शून्य.
रकाने पाडून ठेवले होते, तसेच राहिले.
संपाच्या दिवशी बोर्डावर एकही दिवा लागायचा नाही
आणि आम्ही दोघी उगाच
प्लगा पुसत बसायचो, तसं झालं.

मंगळवारी दुपारी तीनला
पुन्हा लाल चौकोन.
पत्ता एकशे ब्याण्णवपासून सुरू होणारा.
ओजसला फोन केला. तो म्हणाला,
‘हा तर घरातलाच आहे.’

घरात मी एकटी.
तरी पडद्यामागे पाहिलं, कपाटाआड पाहिलं,
हातात लाटणं होतं हे नंतर कळलं.
शिवणाच्या मशीनशेजारी, जुन्या दुपट्ट्याखाली
प्रिंटर. एक हिरवा डोळा उघडा.
शनिवारी ओजसनंच जोडून दिलेला.
दर चाळीस मिनिटांनी तो पलीकडच्या खोलीतून विचारत होता,
मी आहे, कुणी आहे का?
आणि माझा पहारेकरी त्याला
दर चाळीस मिनिटांनी हाकलत होता.

वहीत ‘कोठून’च्या रकान्यात लिहिलं: घरातून.
मग ‘परवानगी द्या’वर बोट ठेवलं.

पलीकडे खरखर झाली, खोकल्यासारखी.
एक कागद आला, कोरा,
कडेला निळा ओरखडा.

शाई वाळली असणार.
लक्ष्मी रोडला मिळते का, विचारायला हवं.