कसर

खोर्शेद दुभाषनी ते माझ्या टेबलावर ठेवलं
भाजीची पिशवी ठेवावी तसं.
तीन पिढ्या भिंतीवर होतं, म्हणाल्या, आता भिंतच विकली.

हॉलंडमधलं कुठलंसं गाव, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं.
कालवा, त्यावर पूल, पुलाच्या टोकाला वेस:
दोन जाडजूड बुरूज, डोक्यावर टोपीसारखी छपरं,
एक बाई बादली घेऊन उभी,
एक कुत्रं, त्याची शेपटी फक्त चार रेघांची.
आभाळ मात्र भरपूर.

लोक अब्रू वेशीवर टांगतात.
ह्यांच्या घरी वेसच टांगलेली, एका खिळ्याला,
आणि सोफ्यावर बसलेलं कुणी मान वळवून बघत नसे.

काच काढली. मागचा पुठ्ठा काढला.
कसर लागली होती.
झाडं सोडून, माणसं सोडून
बरोब्बर कमान खाल्लेली.
कुणीतरी कधीकाळी नेमकी तिथेच खळ लावली असणार.
दरवाजाच्या जागी भोक, भोकातून
माझं टेबल, कात्रीचं एक टोक.

माझं दुकान बझार गेटला.
गेट कुठाय, नवं गिऱ्हाईक विचारतं.
पाडलं, मी सांगते.
कधी?
माझ्या आधी.
किल्ल्याला तीन दरवाजे होते, तिन्ही गेले,
पोस्टमनला मात्र अजून सापडतात.

जपानी कागद, पातळ खळ,
कसर भरून काढायची, हा माझा धंदा.
तुकडा चहाच्या पाण्यात रंगवला,
कमानीच्या मापाने फाडला
(कापायचा नाही, फाडला की कडा मिसळते)
आणि चिमट्यात धरून फोन लावला:
खोर्शेदबाई, वेशीच्या आत काय होतं? रस्ता? घोडागाडी?

पलीकडून बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाल्या,
स्टुलावर चढून बघायची मी, लहान असताना.
आत एक माणूस होता. बाहेर येत होता.
नाय, जात होता.
अरे, त्याची पाठ होती का तोंड?
...
तू बंद नको करू ते, डिकरा.

तुकडा बोटांवर वाळून गेला.

आता मागे जो पुठ्ठा लागेल
तोच आतला रस्ता.
पांढरा धरून पाहिला, काळा धरून पाहिला.
कुत्रं दोन्ही वेळा तिकडेच बघत होतं.
करडा लावला.

बिल केलं: काच, पुठ्ठा, चार खिळे.
खाली लिहिलं, कसर,
आणि समोर आकडा टाकला नाही.