दीड इंच माया

आधी शिवण उसवायची असते, कापड नाही.
हे कळायला मला दोन वर्षं लागली
आणि लोकांचे तीन ब्लाउज.

अर्धं ब्लेड, बोटाला चिंधी.
कॉलर सगळ्यात आधी विरते, दाढीच्या खुंटांनी.
कंडक्टरचा शर्ट असेल तर डावा खांदा,
पिशवीच्या पट्ट्याखालचा.
पँटचं बूड तर धरूच नका.
पण पोटऱ्या धडधाकट असतात,
एका पोटरीत एका पोराची चड्डी बसते.
केएमटीच्या खाकीतून मी आजवर
अकरा चड्ड्या काढल्यात.
चौगुलेकाकूंच्या इरकलीचा परकर केला,
काठ तसाच ठेवला खाली.
नात गिरकी घेते, तेव्हा काकूंचा हात
आपोआप खांद्याशी जातो पदर सावरायला,
अंगात गाऊन असला तरी.

तायव्वा आली ती सातव्या महिन्यात.
पिशवीत एकच शर्ट, निळ्या चौकटीचा.
"झबली करा. दोन झाली तर दोन."

आमच्याकडं पहिलं झबलं जुन्याचं असतं.
नवं कापड टोचतं बाळाला.
आणि जुनंही कुणाचं,
तर ऐंशी-नव्वद वर्षं खाऊनपिऊन जगलेल्याचं.
हे तिलाही ठाऊक होतं.
सासूनं आजेसासऱ्यांचं धोतर काढूनही ठेवलेलं.

भरमू सत्तावीसचा होता.
शिरोलीच्या फौंड्रीतून रात्रपाळी सुटून येताना,
पंचगंगेच्या पुलावर.

मी टेप गळ्यात घातला, काढला, परत घातला.
ती म्हणाली, "चारदाच घातलाय काकू.
लई शिल्लक हाय ह्याच्यात अजून."

शर्ट कडक होता. दुकानाची खळ अजून अंगात.
मी तो रात्री भिजत घातला.
पहिल्या पाण्याला गुलाबी रंग उतरला,
खिशाच्या शिवणीत जोतिबाचा गुलाल बसलेला.
दुसऱ्या पाण्यालाही.
मग रोज धुतला, रोज हातानं चोळला,
सावलीत वाळवला,
रात्री उशाखाली घेऊन झोपले.
नवरा म्हणाला, खुळी झालीस काय.
नवव्या दिवशी गालाला लावून बघितला,
आणि मला पटलं.
सत्तावीस वर्षांच्या पोराला
मी नऊ दिवसांत म्हातारा केला होता.

पाठीची दोन झबली झाली.
बटणं नाहीत, नाड्या, गाठी बाहेरून.
बारशाला सासू एक शब्द बोलली नाही.
धोतराची दुपटी झाली, तीही लागतातच.

पुढचे दोन भाग मी गुंडाळून ठेवले,
वर खडूनं नाव.
बिरू बालवाडीत गेला तेव्हा त्यांचा शर्ट बेतला
आणि दोन्ही कुशींना
दीड-दीड इंच माया सोडली आत.
क्लासमधली बाई त्याला मार्जिन म्हणायची.
मी मायाच म्हणते,
कापड जास्त घ्यावं लागतं एवढंच.

परवा आला. पहिलीत आहे आता.
शर्ट पोटावर ताणलेला, बटणाजवळ फट.
मी कूस उसवली.
आत दोन पट्टे निघाले,
निळेच्या निळे, चौकट न् चौकट लख्ख,
ऊन न लागलेले, पाणी लागलं तरी न विटलेले.
बाकीचा शर्ट त्यांच्याशेजारी
कुणा वडीलधाऱ्यासारखा दिसायला लागला.

तायव्वा बघत राहिली.
"धुवून धुवून हुईल की सारकं?"
"होईल," मी म्हटलं.
"नगं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तसंच."

बिरू हात वर करून उभा, टेपच्या गुदगुल्यांनी वळवळत.
त्याची नजर माझ्या बोचक्यावर.
आता त्यात एक बाही आहे,
एक खिसा,
आणि चार बटणं, ती त्यानं मोजली.
दोनदा.
मग मला विचारलं,
पाचवं कुठाय?