मंगळवारचं ड्रेसिंग

क्लनच्या पुढे दोन मैल गेलं
की रस्ता संपून चिखल लागतो
आणि चिखल संपतो तिथे फाटक.
पाटी नाही. गाडीचा आवाज झाला
की पाटीच धावत येते,
पांढरी, मान पुढे काढून.

तिला मराठीत काय म्हणावं?
हंस म्हणावं तर इतकी शिवराळ,
बदक म्हणावं तर हा रुबाब.
प्रीसबाई तिला ऑलिव्ह म्हणतात.
माझ्या बुटांकडे बघून ती दर वेळी नव्याने फुत्कारते,
जणू गेला मंगळवार झालाच नाही,
मग बॅगेचा पट्टा चोचीत धरून
मला दारापर्यंत पोचवते.

मागून खांद्यावर येते बार्नबीची हनुवटी.
"गाढवा, सरक," पहिल्या दिवशी मी म्हटलं
आणि जन्मात पहिल्यांदा
ही शिवी ज्याची त्याला मिळाली.
त्याने कान असे टवकारले की मीच ओशाळले.
आता बार्नबी म्हटलं की तो गवत खात राहतो,
गाढवा म्हटलं की येतो.

टिपेट शेळीने माझे दोन फॉर्म खाल्ले.
तिसऱ्यावर, 'रुग्णाची प्रगती' या रकान्यात,
तिच्या दातांची अर्धी कमान आहे.
तो मी तसाच ऑफिसात दिला.
आणि कस्टर्ड, बाटलीच्या दुधावर वाढलेली मेंढी,
सत्तर किलोची झाली तरी
अजून मांडीवर बसायला बघते.

आत प्रीसबाई, पाय स्टुलावर,
स्टुलाखाली फ्लिन, ठार बहिरा म्हातारा कुत्रा.
त्याला उठवायचं नाही हा घरचा नियम,
म्हणून मी गुडघे दुमडून, त्याला वळसा घालून बसते
आणि चार थरांची पट्टी उलगडते.

जखम फॉर्मवर सेंटिमीटरमध्ये लिहायची.
मनात मी वेगळं लिहायचे:
ऑक्टोबरात सुपारी,
नाताळला चिंचोका,
बर्फ पडलं त्या आठवड्यात तुरीचा दाणा.
मुलगा टेलफर्डहून फोन करायचा, स्पीकरवर,
"मम, कशाला पोसतेस? ना दूध, ना अंडं,
लोकर तर फुकटही कोणी नेत नाही."
"बरं, गॅरेथ," बाई म्हणायच्या,
आणि बिस्किटाचा तुकडा स्टुलाखाली सोडायच्या.

मार्चात मसूर, मग मोहरी,
मग काहीच नाही.
सायीसारखी गुलाबी, नवी कातडी.
एक्याऐंशी वर्षांच्या पायावर इतकी कोवळी गोष्ट
बघून मी उगाच दोनदा हात धुतले.
फाइल बंद केली. फाटकही,
कडी नीट लावून, टिपेट उघडते म्हणून.

पुढच्या मंगळवारी मी बिशप्स कासलला,
कुणाची तरी साखर तपासत होते. फोन वाजला.
"पाय उत्तम आहे," प्रीसबाई म्हणाल्या,
"पण ही सगळी साडेदहापासून फाटकाशी उभी आहेत.
मी ओरडले, टोपलीभर गाजरं दाखवली.
पाय बरा झाला हे यांना
तू येऊन सांगशील का?"

जेवणाच्या सुट्टीत गेले. निळा गणवेश,
सँडविच खिशात, बॅग गाडीत.
कामाची भेट नाही हे मला माहीत होतं,
नोंद कुठल्या रकान्यात करायची ते नव्हतं.
कस्टर्डने धडक दिली. टिपेटने सँडविच शोधलं.
"गाढवा, सरक,"
मी म्हटलं. सरकला नाही.

ऑलिव्ह फुत्कारली, रीतसर,
मग पट्टा शोधू लागली.
या बाजूला नाही, त्या बाजूला नाही.
मान तिरपी करून
तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं
आणि बाही धरली.