काडुपाप

जांबोटी सोडून कणकुंबीकडं जाताना
रस्ता तिसऱ्यांदा वळतो, तिथं आम्ही जीप उभी करतो.
मल्लेशप्पा बॅटरीवर लाल कागद चढवतो,
कुंद्याच्या बॉक्सवरून सोडवलेला.
लाल उजेडात त्याचे डोळे दिपत नाहीत म्हणे.
त्याचे म्हणजे, ज्याला आपण लाजवंती म्हणतो
आणि मल्लेशप्पाच्या घरी काडुपाप.
पाप म्हणजे बाळ, रानातलं बाळ,
त्यानं पहिल्याच रात्री सांगितलं.
मराठीत पाप म्हणजे काय, ते मी सांगितलं नाही.
त्याला माहीत होतं.

फॉर्म खात्याचा. रकाना एकच कामाचा: दिसले.
अकरा रात्री त्यात शून्य.

आणि भुंगेरे?
बॉनेटवर टपाटप, चहाच्या टोपणात,
एक माझ्या केसांत पाय अडकवून
भाडं न देता राहिलेला.
उताणे पडून आभाळाला सायकल मारणारे.
मल्लेशप्पाचा जावई नंदगडला ऊस लावतो,
तो यांच्या अळ्यांना दोन्ही भाषांत शिव्या घालतो.
यांच्यासाठी कुणी रात्र जागत नाही.
यांना रकाना नाही.
मी एकाला सुलटं केलं,
तो उठला आणि परत दिव्यावर आपटला.

बाराव्या रात्री किंजळीवर
दोन निखारे, अगदी जवळ जवळ.
काटकुळे हात, आजारी मुलाचे असावेत तसे.
एक फांदी सोडून दुसरी धरायला
त्याला एवढा वेळ लागत होता
की मधल्या मधे मला माझी आई आठवून झाली,
तिचं दवाखान्यातलं चालणं,
आणि तरी त्याचा हात पोचलेला नव्हता.
मी श्वास धरला. म्हटलं, हे संपणार.
हे असं हळू असलेलं काही आता टिकत नाही.

तेवढ्यात तोच हात
दिसलासुद्धा नाही, इतक्या झटक्यात गेला
आणि आला.
कुरुम्. कुरुम्.
खारे शेंगदाणे खाल्ल्यासारखा आवाज.
वरून एक चॉकलेटी पंख
गिरक्या घेत फॉर्मवर पडला.

"बगा मॅडम," मल्लेशप्पा कुजबुजला,
"जेवाय बसलंय पोर."

रकान्यात मी एक लिहिला.
शेऱ्यापुढं लिहिलं: भुंगेरे. मोजले नाहीत.
मग थोड्या वेळानं खाली: मोजायला हवे होते.

परतताना ते काचेवर येतच होते.
मल्लेशप्पानं वायपर लावला नाही,
गाडी हळू घेतली,
इतकी हळू, की मागचा गोव्याचा ट्रक
हॉर्न मारून मारून गप्प झाला.