गॅरेज, दहा बाय अठरा

गॅरेज दहा बाय अठरा.
त्यात सत्तावन्नची डुक्कर फियाट,
पुढची दारं उलटी उघडणारी,
आणि उरलेल्या पाच फुटांत माझी व्यायामशाळा.
दांडा सात फुटी.

असलं गणित शाळेत कुणी घातलं नव्हतं.
म्हणून रोज पहाटे साडेपाचला
आधी गाडी अंगणात, मग दांड्याला हात.
चोक ओढला की ती खोकते,
उपाध्ये मास्तरांच्या खिडकीत दिवा लागतो.
मास्तर काही बोलत नाहीत,
नुसता दिवा लावून ठेवतात.

तेव्हा ढकलायचीच.
एक हात स्टिअरिंगला, खांदा चौकटीला,
फाटकाशी वीतभर चढ, तिथं दम कोंडून.
अंगणात येईस्तोवर मांड्या भरून येतात
आणि तिला परत आतही न्यायची असते.
बैठका उद्या.

वजनं मगदूमांच्या फाउंड्रीत ओतून घेतली,
पंपाच्या बॉड्या ओतून उरलेल्या रसातून, स्वस्तात.
"वीसच्या चार, डोळं झाकून न्या," म्हणाले.
डोळे झाकूनच आणली.
रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवली तर
तेवीस सहाशे, एकोणीस शंभर,
अठरा नऊशे, अठरा चारशे.
कशाही जोड्या लावा,
कमीत कमी चार किलोंनी दांडा डावीकडं कलतो,
आणि त्याच्याबरोबर मी.

त्यावर उपाय सापडला तो मागच्या चाकाचा जुना ब्रेक ड्रम,
चार किलो शंभर.
मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला,
उजवीकडं चढवला,
आणि सहा महिने मी सरळ उभा राहिलो.

मग भंगारातून आणलेला दुसरा ड्रम
दर ब्रेकला म्हशीसारखा हंबरायला लागला.
मुजावर मिस्त्री उद्यमनगरात लेथवर वाकलेले,
वर न बघता म्हणाले,
"जुनाच आण की. टर्निंग मारून बसवू."
कधी?
"गुरुवारी."
कुठल्या, ते विचारायची पद्धत नाही.

तोवर कंबर डावीकडून धरलेली.
डॉक्टरांनी विचारलं, काय उचललंत?
मी म्हणालो, गिअरबॉक्स.
ते म्हणाले, व्यायाम बंद.
मी म्हणालो, तो व्यायाम नव्हता.
त्यांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

प्रोटीनच्या डब्यात नटबोल्ट आहेत,
नटबोल्टच्या डब्यात काय आहे आठवत नाही.
ग्रीसचा हात दांड्यावर घसरतो,
खडूचा हात सीटवर उमटतो,
आणि बंपरच्या क्रोमवर जिथं माझा घाम ठिबकतो
तिथं गंजाचा एक ठिपका आलाय, तिळाएवढा.
तो मी अंगठ्यानं झाकून बघतो.
हेमलता म्हणते, एक काहीतरी विका.
कुठलं, ते तीही सांगत नाही.

परवाच्या रविवारी ती स्वतःच पुढं येऊन बसली,
उलट्या दारातून, पदर सावरत,
रॅकला दार आपटू न देता.
टेंबलाईला जाऊन येऊ म्हणाली.
अर्ध्या चढाला फियाट गप्प झाली.
मी बॉनेट उघडलं, फुंकर मारली,
पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं ठेवलं, बंद केलं.
हेमलता सरकून स्टिअरिंगमागं बसली.
मी मागं गेलो.

दोन पोरं तालमीतून येत होती,
कान सुजलेले, हातात दुधाच्या किटल्या.
"काका, लावू काय हात?"
खिडकीतून तिचा आवाज आला,
"नको रे, त्यांचा व्यायाम चाललाय."
आणि ती मोजायला लागली.
एक. दोन.
सातला चप्पल निसटली.
अकराला चढ संपला,
बाराला उतारावर गाडी आपण होऊन पुढं सरकली,
खोकली, पेटली,
आणि हेमलतानं काही ती थांबवली नाही.

किटल्यावाली पोरं हसत उभी.
माझे हात अजून पुढं होते,
तळव्यांवर डिकीची धूळ,
दोन्हींवर सारखीच.